गायरानातला कोळसा

जेऊर, ४ जून १९२८

शिवलीला,

मायना लिहीत नाही. ‘प्रिय’ लिहिलं आणि मदिनाबीच्या बांगड्यांच्या टोपलीतून पत्र भलत्याच्या हाती गेलं, तर पंचाईत. ‘चिरंजीव’ लिहायला मी तुझा काका नाही.

तो कोळसा मी तुला पाठवला होता. तुला! तुझ्या वडिलांना नव्हे, आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलला तर मुळीच नव्हे.

आज स्टेशनमास्तरांकडे तीन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र मिळालं. त्यात काय छापलंय ते तुला ठाऊक असणारच, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही. ‘सोलापूरचे कौन्सिलचे सभासद, नामांकित वकील गुरुसिद्धप्पा यांनी नव्या बिलाची नोटीस दिली आहे. गावोगावच्या सरकारी गायरानांत खनिज आढळल्यास ती जमीन खाणीसाठी कंपनीला देता यावी, असा बिलाचा आशय आहे. जेऊरजवळच्या गायरानात सापडलेला दगडी कोळशाचा तुकडा त्यांनी सभेत सर्वांना दाखवला.’ सर्वांना दाखवला! सुपारीएवढा तो तुकडा, आपल्या छापखानेवाल्या बंदेनवाजच्या सोलापूरच्या दुकानातल्या चकचकीत कागदात मी स्वतः गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी होती, की गायरानात बाभळीखाली बसलो असताना हा हाताला लागला, आणि उन्हात धरला तर तुझ्या डोळ्यांसारखा दिसला. ती चिठ्ठीही सभेत वाचली का?

मदिनाबीनं मला सगळं सांगितलंय. तुकडा तुझ्या फणीच्या डबीत वकीलसाहेबांना दिसला, त्यांनी ‘हे काय?’ विचारलं, आणि तू घाबरून म्हणालीस, ‘जोतीरामनं पाठवलाय, त्याच्या गावच्या गायरानात निघतो म्हणे, तुम्हाला दाखवायला.’ वा! प्रेमाची वस्तू लपवायची म्हणून तिचं खनिज केलंस. दुसरं काही सुचलं नाही? दात घासायचा कोळसा म्हणायचं होतंस.

गायरान म्हणजे काय हे तुमच्या पेठेत बसून कळायचं नाही. सरकारदप्तरी ती पडीक जमीन आहे. पण गावातली शंभर जनावरं तिच्यावर जगतात, शेण तिथलं, सरपण तिथलं, आणि ज्याला स्वतःची टीचभर जमीन नाही त्याची शेळीही तिथंच चरते. तिथं खाण झाली की हे सगळं कुठं जाणार? वकीलसाहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चार वर्षं त्यांच्या ओसरीवरच्या खोलीत राहून मी शाळा केली, त्यांच्या घरचं खाल्लं. सोलापूरच्या गिरण्या बंगालच्या कोळशावर चालतात आणि आपली माणसं दुष्काळात हातावर हात ठेवून बसतात, ही त्यांची तळमळ मी त्याच ओसरीवर ऐकलीय. पण तळमळीनं जमिनीत कोळसा तयार होतो का?

त्यांना सांग, बिल मागं घ्या. कसं सांगायचं ते तू बघ.

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो. तुला आलेल्या अक्कलकोटच्या स्थळाची बातमी त्याच आठवड्यात पुण्याला आली, हा निव्वळ योगायोग.

जोतीराम


जेऊर, १७ जून

शिवलीला,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. ठीक आहे. मी माझं काम सुरू केलंय.

मागचं पत्र धाडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चावडीपुढं सभा घेतली. मी दीड तास बोललो. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटलाच्या मागं पाठ करून बसले होते. त्यांना वाटतं, इंटर नापास झालेल्यानं तोंड उघडू नये. (नापास झालो नाही, परीक्षेलाच बसलो नाही. हा फरक या गावात कुणाला समजत नाही.) मी म्हणालो, ‘गायरान आपलं, तर त्याच्या पोटातला कोळसाही आपला! कंपनी कोण? खाण काढायची तर गाव काढील!’ टाळ्या पडल्या. मग बंदेनवाजकडून त्याच भाषणाचा कागद छापून आणला, ‘जेऊरच्या गायरानात विपुल कोळसा’ अशा मोठ्या अक्षरांत, आणि आसपासच्या तीन बाजारांत वाटला.

आता हसू नकोस. तोच कागद तुझ्या वडिलांच्या हाती गेला. त्यांनी तो बिलाला जोडला! ‘गावकरी स्वतःच सांगतात की कोळसा विपुल आहे.’ बिलाविरुद्ध काढलेला माझा कागद बिलाचा पुरावा झाला. मी चार दिवस घराबाहेर पडलो नाही.

बिल जुलैअखेर पुण्याच्या बैठकीत येणार आहे. त्याआधी कौन्सिलचे चार सभासद आणि खाणीचं शिकलेले एक साहेब जागा पाहायला येणार. तोवर तुकडा सापडला त्या जागेला कुणी हात लावू नये म्हणून करमाळ्याहून बडेसाब नावाचा शिपाई आलाय. त्यानं बाभळीभोवती काटेरी कुंपण केलं आणि आत खाटेवर बसून राहतो. त्याची जेवणाची सोय गावानं करायची. भाकरी नेते सोजरबाई, आमच्या शेजारची, साठीला आलेली विधवा, जिच्या तोंडाला पाटीलसुद्धा भितो.

आणि एक चमत्कारिक गोष्ट. माझ्या सभेनंतर गावातले पुरुष मला रामराम घालायला लागले, आणि बायका शिव्या. काल विहिरीवर सोजरबाई, बजाबाई आणि सारजाबाई तिघी होत्या. मी जवळून जाताना बजाबाई मोठ्यानं म्हणाली, ‘आला बघा कोळशाचा राजा.’

सारजाबाई म्हणाली, ‘राजाला म्हनावं, लोहाराचा भाता थंड पडलाय. विळं कुनाच्या टकुऱ्यावर घासायचं?’

मी विचारलं, ‘लोहाराच्या भात्याशी माझा काय संबंध?’

सोजरबाईनं घागर उचलली आणि म्हणाली, ‘शिकून आलास न्हवं? मंग वळक की.’

ओळख की! मला या बायकांचा अर्थ लागत नाही. मी त्यांच्याच शेळ्यांसाठी लढतोय ना? त्यांना गायरान नको का?

तुझं अक्षर पाहून अडीच महिने झाले.

जोतीराम


जेऊर, २९ जून

शिवलीला,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मी थट्टा करत नाही.

काल दुपारी सोजरबाईला ताप होता, म्हणून बडेसाबची भाकरी मी घेऊन निघालो. ती गोधडीतून उठून बसली. ‘तू नगं जाऊ कुंपनात,’ म्हणाली. मी विचारलं, का? ‘नगं म्हनलं ना.’ मी हट्टाला पेटलो. मला नको म्हणालं की काय होतं ते तुला माहीत आहे. शेवटी तिनं डोक्याला हात लावला.

‘आरं गाढवा, त्यो कोळसा आमचा हाय.’

मी म्हणालो, ‘तेच तर मी सभेत सांगतोय, गायरान आपलं—’

‘गायरान मसनात गेलं! कोळसा आमचा. मी आनलेला. बजीनं आनलेला. माज्या सासूनं आनलेला.’

मग सगळं बाहेर पडलं. जेऊरच्या स्टेशनाअलीकडं चढ आहे. तिथं मालगाडी हळू होते, इंजिनातून कोळसा सांडतो, आगवाला राखेबरोबर अर्धे जळके तुकडे ढकलून देतो. या बायका शेण वेचायला म्हणून जातात आणि पाटीत शेणाखाली कोळसा आणतात. लोहार तो घेतो आणि बदल्यात विळे, खुरपी, कुऱ्हाडी पाजळून देतो. सोजरबाईच्या सासूपासून चालत आलेली रीत आहे ही. फक्त बायकांची. पुरुषांना कधी कळू दिलं नाही, कारण पुरुष बाजारात बोलतात.

मी विचारलं, ‘पण गायरानात का पुरता?’

‘घरात घावला तर चोरी. रेल्वेचा शिपाई दोनदा घरं हुडकून गेलाय. आपल्या आळीतल्या भीमाच्या आईला तीन म्हैनं घातली हुती तुरुंगात, परत आली ती खोकत, अन् गेली. गायरानात घावला तर कुनाचा? सरकारचा! सरकारला कोन धरतंय?’

शिवलीला, ऐकलंस? दरसाल पावसाआधी त्या खड्डा शेणमातीनं लिंपून घेतात. तळाशी चुरा उरतो, त्यावर माती, त्यावर पुढच्या वर्षीचा चुरा. चाळीसेक वर्षांचे थर झालेत. वरून पाहणाऱ्याला ती खाणच वाटणार. मला वाटलीच. आणि आता त्यांच्या कोळशावर सरकारचा शिपाई पहारा करतोय, आणि त्याला भाकरी तीच बाई वाढतेय जिचा कोळसा आहे, म्हणजे उकरून दुसरीकडं न्यायचीही सोय नाही.

आता पेच बघ. कौन्सिलच्या सभासदांनी ‘कोळसा आहे’ असं मानलं, तर बिल पास आणि गायरान गेलं. पुढं कोळसा नाही निघाला तरी कंपनी जमीन थोडीच परत देते, खडी फोडायला ठेवील. आणि खाणीच्या साहेबानं ओळखलं की हा रेल्वेचा कोळसा आहे, तर बायकांच्या हाती बेड्या. सोजरबाईचं वय तुरुंगाचं नाही.

आणि याची सुरुवात कुणी केली? मी. एक तुकडा खिशात घातला, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते का नव्हतं, ते तू ओळख की.

वकीलसाहेबांना यातलं अक्षर सांगू नकोस. ते सरळ आहेत. सरळ माणसाला चोरी कळली की तो सरळ फौजदाराकडे जातो.

जोतीराम


जेऊर, ७ जुलै

शिवलीला,

शेवटी दोन ओळी आल्या! तीन महिन्यांत दोन ओळी, आणि त्याही अशा: ‘मी बाबांना खरं सांगते. ते मोठ्या मनाचे आहेत, बायकांना सोडवतील.’

नको, नको, नको. ते कोर्टात सोडवतील, मला ठाऊक आहे. वकीलपत्र घेतील, फुकट लढतील, मोठं भाषण करतील. पण कोर्टात जाण्याआधी कच्ची कोठडी असते, रेल्वेच्या शिपायाच्या लाथा असतात, आणि सुटून आल्यावर गावात ‘चोरटी’ हे नाव असतं. सारजाबाईची लेक नातेपुत्याला दिलीय, तिला सासरचे नांदवतील? तुझ्या बाबांचं मोठं मन तिथवर पोचणार आहे का?

मला तुझा राग येतोय. इतक्या दूर बसून चांगलं वागणं फार सोपं आहे.

राग येतोय म्हणून लिहिलं, खोडत नाही.

मी काहीतरी करीन. काय ते अजून सुचलेलं नाही. समिती चौदा तारखेला येतेय. तोवर तू फक्त गप्प राहा. माझ्यासाठी नको राहूस, सोजरबाईसाठी राहा. तिला तू पाहिलेलं नाहीस. पाहिलीस तर मला सोडून तिच्याच घरी राहायला जाशील.

जोतीराम


जेऊर, १४ जुलै

शिवलीला,

झालं. घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

सकाळच्या गाडीनं आले. तुझे वडील, आणखी तीन सभासद, आणि तो साहेब. सगळं गाव गायरानात. आप्पांनी ठेवणीतला पटका बांधला होता. त्यांना वाटत होतं, आज पोराच्या भाषणाचं काहीतरी फळ निघतंय. बडेसाबनं कुंपण उघडलं. वकीलसाहेबांनी मला पाहून हाक मारली, ‘ये जोतीराम, तूच दाखव. शोध तुझा आहे.’ माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. तो हात मला आत्ताही जाणवतोय.

खड्डा खणला. थर दिसले. लोक ‘आहा’ करायला लागले. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. पण साहेब गुडघ्यावर बसला, एक तुकडा उचलून फोडला, मग दुसरा, तो अर्धा जळलेला. वास घेतला. मान वर करून रुळांकडे बघितलं. आणि त्याच्या तोंडातून ‘रेल्वे’ हा शब्द निघायच्या आत मी ओरडलो.

‘मी पुरलाय!’

वकीलसाहेब वळले. ‘काय?’

‘मी पुण्याहून पोतं आणलं होतं. बाजारातून. मी पुरलं, मीच तुकडा पाठवला.’

‘का?’

‘तुमची फजिती करायला. माझं कॉलेज सुटलं तेव्हा तुम्ही वकिलांच्या बाररूममध्ये चारचौघांत म्हणालात की खेड्यातल्या पोरावर खर्चलेली माया पाण्यात जाते. कानावर आलं माझ्या.’

हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. बंदेनवाजनं कधीतरी असं काही सांगितलं होतं. तेवढंच सुचलं.

तुझे वडील माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, ‘हुच्चा आहेस रे तू.’ इथं कुणाला कानडी येत नाही, पण वेडा म्हटलेलं सगळ्यांना समजलं. मग खाली वाकून त्यांनी थरांना हात लावला. ‘एका पोत्यात एवढे थर, जोतीराम? हे साचत गेलेले आहेत. कित्येक वर्षांचे.’

मी म्हणालो, ‘तुम्ही वकील आहात, खाणीचे साहेब नाही.’ बाकीचे तिघे सभासद हसले. त्यांना माझं नव्हे, वकीलसाहेबांचं हसू आलं होतं.

साहेबाचं समाधान झालं होतं. कोळसा इथला नाही एवढंच त्याला हवं होतं, पुढचं त्याचं काम नव्हतं. पण तुझ्या वडिलांचं समाधान झालं नाही. निघताना म्हणाले, ‘यात आणखी कुणीतरी आहे. मी शोधून काढीन. तू एकटा एवढं करण्याइतका हुशार नाहीस.’

आप्पांनी पटका सोडून खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. सोजरबाई कुंपणाशी उभी होती. जवळ आली आणि माझ्या दंडाला चिमटा काढला, असा की काळानिळा पडलाय. ‘कुनी सांगितलं हुतं तुला? आमी गेलो असतो चार दिस. आमाला सवय हाय. तुझं समदं आयुष्य पडलंय.’ आणि तिथंच धुळीत बसली.

ते शोधून काढतील, शिवलीला. ते हुशार आहेत. मी त्यांच्याकडंच शिकलो.

जोतीराम


सोलापूर, २६ जुलै

शिवलीला,

मी तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, बंदेनवाजच्या दुकानात बसून लिहितोय. येणार नाही, घाबरू नकोस.

मदिनाबीनं सगळं सांगितलं. ती परवा तुला हिरवा चुडा भरायला आली होती, अक्कलकोटच्या मंडळींनी सुपारी फोडली म्हणून. (हे मला तिनं आधी सांगितलं नाही, शेवटी सांगितलं. शहाणी बाई आहे.) ती म्हणाली, ‘बेटा, मैं चुड्या भरती थी, वकीलसाब दारात आले. बोले, शिवलीला, त्या पोराच्या पाठीमागं कोण आहे? तुला काही ठाऊक आहे का? मैं तो डर गई, एक चुडी हातातच फुटली.’

मी विचारलं, ‘मग ती काय म्हणाली?’

‘हात मागे नाही घेतला तिनं. बोली, बाबा, कोणी नाही. त्यानं मला चिठ्ठी लिहिली होती, की वकीलसाहेबांना कसा उल्लू बनवतो बघ. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुकडा तुम्हाला दिसावा म्हणून मीच डबीत ठेवला.’

‘साब बोले, चिठ्ठी कुठाय? बोली, चुलीत घातली.’

मदिनाबी सांगते, वकीलसाहेब उंबऱ्यावर बसले. मग तुझ्या आईला म्हणाले, ‘श्रावण संपायची वाट नको. मुहूर्त अलीकडचा धरा.’ आणि त्याच दिवशी पुण्याला पत्र गेलं, बिल मागं घेतलं म्हणून. पुढचा शोध थांबला. स्वतःच्या मुलीनं फसवलं म्हटल्यावर आणखी कुणाला शोधायचं?

तू माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस. मी सांगितलेलं खोटं कच्चं होतं, थर बघून तुझ्या वडिलांनी ते एका क्षणात ओळखलं. तुझं पक्कं निघालं. कारण तू त्यात स्वतःलाही घातलंस. आता त्यांच्या नजरेत मी कृतघ्न आणि तू माझी साथीदार. मला त्या घराचं दार कायमचं बंद, आणि तुला ते लवकरात लवकर बाहेर काढणार. हे सगळं तुला चुडा भरताना, एका श्वासात कळलं? मला एक कोळशाचा तुकडा कळायला दोन महिने लागले.

मी रागावलो आहे. तुझ्यावर किती, ते लिहिता येत नाही. तू मला विचारायला हवं होतंस. मी नको म्हणालो असतो. म्हणूनच विचारलं नाहीस.

गावाकडची हकीकत: बडेसाबची खाट गेली, कुंपण सरपणाला गेलं, लोहाराचा भाता चालू झालाय. जनावरं गायरानात सुटतात. पुरुष मला आता रामराम घालत नाहीत. आप्पा माझ्याशी आईच्या मार्फत बोलतात. बायका बोलतात. सोजरबाई तुझ्याबद्दल विचारते. निघण्याआधी मी सांगितलं, तू कोण ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आन की तिला हिकडं.’

आता शेवटचं. हे तू नीट वाच, कारण मी एकदाच लिहिणार आहे. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. दोन ओळींचंही नको, मदिनाबीजवळ तोंडी निरोपसुद्धा नको. तू काही पाठवलंस तर मी येईन. आलो तर वकीलसाहेबांपुढं उभा राहीन, आणि तू माझी साथीदार नव्हतीस हे मला सांगावंच लागेल, त्यांना तुझ्याकडं तसं बघताना मला बघवणार नाही. आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

म्हणून पाठवू नकोस. मी बंदेनवाजच्या दुकानात उद्या दुपारच्या गाडीपर्यंत आहे.

जोतीराम